मा. धुरासाहेबांच्या सेवेशी

प्रति,
माननीय श्री. धुरा,
थोरल्याची बांधी आणि धाकट्याची बांधी यांच्या बरोबर मध्ये.
जिल्हा : चंद्रपूर आणि गडचिरोली (1982 पर्यंत हा एकच जिल्हा होता, पुढे त्याचीही वाटणी झाली, पण तो आळ आपल्यावर नाही).

विषय : अर्जदाराच्या पोटापाण्याची सोय केल्याबद्दल आभार मानणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय अर्ज सादर करतो की, मी तहसील कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली बसणारा अर्जनवीस आहे. पूर्वी माझ्यापुढे टाइपरायटर होता, आता लॅपटॉप आहे. गिऱ्हाईक तेच आहे. माझं घर आपल्या कृपेने उभं राहिलं, थोरल्या पोरीचं नर्सिंगचं शिक्षण आपल्या जिवावर झालं. आणि इतक्या वर्षांत मी आपल्याबद्दल लिहिलं काय, तर “धुरा कोरला”, “धुरा सरकवला”, “धुरा नष्ट केला”. आपलं म्हणणं कोणी कधी टिपून घेतलं नाही. म्हणून हे जाहीर पत्र. यावर कोर्ट फी स्टॅम्प लावलेला नाही, याची नोंद घ्यावी.

पुण्या-मुंबईकडे आपल्याला बांध म्हणतात. इकडे आपण धुरा, आणि आपण चहूबाजूंनी वेढलेला धानाचा तुकडा म्हणजे बांधी. आपलं मूळ काम पाणी धरायचं. पाऊस लागला की बांधीत पाणी अडवायचं, चिखल करायचा, रोवणं उरकायचं, एवढ्यासाठी आजोबाने आपल्याला घातलं. तेव्हा आपण असे रुंद होता की डोक्यावर भारा घेतलेले दोघे समोरासमोर आले तरी कोणाला चिखलात उतरावं लागत नसे. आता आपल्यावर बगळा बसला तर तोही दोन्ही पाय एका ओळीत ठेवतो. दरवर्षी रोवण्याआधी थोरला इकडून पावडा मारतो, धाकटा तिकडून. आपण बारीक होत चाललात आणि माझ्याकडची फाईल जाड.

परवा गिऱ्हाईक नव्हतं म्हणून हिशेब मांडून पाहिला. आपली लांबी 200 फूट धरली आणि धाकट्याने एक वीत, म्हणजे 9 इंच, कोरलं असं धरलं तर जागा होते 150 चौरस फूट. गुंठा 1089 चौरस फुटांचा. म्हणजे गुंठ्याचा सातवा हिस्सासुद्धा भरत नाही. एकरी 15 क्विंटल धान धरलं तर त्या पट्टीत पिकतं वर्षाला 5 किलो. 2025-26 च्या हमीभावाने, 2369 रुपये क्विंटलने, त्याचे झाले 118 रुपये, तेही रानडुकरांनी सोडले तर. सिरोंच्याच्या माणसाला गडचिरोलीला यायचं तर एसटीचं एकेरी तिकीट याहून महाग पडतं.

हा हिशेब मी गिऱ्हाइकाला सांगत नाही. नवा होतो तेव्हा एका म्हाताऱ्याला सांगितला होता. तो माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, “पैशाचा सवाल नाई ना भाऊ. त्यानं मले न इचारता कोरला.”

त्या दिवशी मला माझा धंदा कळला. पण धुरासाहेब, “न विचारता” असं कलम कुठल्याच कायद्यात नाही. कचेरीत मोजणी आहे. मोजणी परवापर्यंत साधी, तातडीची आणि अतितातडीची अशी मिळायची. ती पटली नाही तर निमताना मोजणी, तीही पटली नाही तर सुपर निमताना. हा शब्द पहिल्यांदा कानावर आला तेव्हा मला ते खताचं नाव वाटलं होतं. मोजणारा येतो, यंत्र लावतो, हद्दीचे दगड रोवून जातो. त्या रात्री दगडांना पाय फुटतात. वाटेचा वाद असेल तर 1906 चा मामलेदार कोर्टाचा कायदा आहे, जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे. आपल्या पाठीवरून बैलबंडी न्यायची की नाही हे तहसीलदार ठरवू शकतो. मोहाच्या झाडाचं मात्र कोणी ठरवू शकत नाही. खोड आपल्यावर, फांद्या थोरल्याकडे झुकलेल्या, उतार धाकट्याकडे. मोह पडायला लागला की दोन्ही घरच्या बाया पहाटे तीनला टोपल्या घेऊन हजर, आणि सकाळी नऊला दोन्ही घरचे बाप्ये माझ्याकडे हजर.

आपल्याविरुद्ध एक कटही झाला होता, तो आपल्याला कळवणं माझं कर्तव्य आहे. 2023 च्या जानेवारीत सरकारने ‘सलोखा’ नावाची योजना आणली. याची जमीन त्याच्या ताब्यात, त्याची याच्या ताब्यात, आणि असं बारा वर्षं चालत आलं असेल तर दोघांनी अदलाबदल करून मोकळं व्हावं. मुद्रांक शुल्क 1000 रुपये, नोंदणी फी 1000 रुपये. मी घाबरलोच. मग नीट वाचलं. अदलाबदल दोघांच्या संमतीची आहे, म्हणजे दोघांनी एका दिवशी एका बाकावर येऊन बसायचं आहे. मी निश्चिंत झालो.

आतापर्यंत मी दोन भावांबद्दल बोललो. त्यांना एक बहीण आहे. सगळ्या कुटुंबांत असते, फक्त सातबारावर सापडत नाही. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू कुटुंबात मुलगी मुलाइतकीच हक्कदार झाली. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने, त्या तारखेला बाप जिवंत असायलाच हवा असं नाही, हेही सांगून टाकलं. तेव्हापासून रक्षाबंधन आणि भाऊबीज या सणांना आमच्या कडुनिंबाखाली फार महत्त्व आलं आहे. बहिणीला आग्रहाने बोलावतात, साडीचोळी करतात, आणि दुसऱ्या दिवशी हक्कसोडपत्राला आणतात. त्या मसुद्यात “स्वखुशीने व कोणाच्याही दबावास बळी न पडता” हे शब्द माझी बोटं आपोआप टाइप करतात. एका बाईने ते मला दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ऐकून म्हणाली, “माहेर तुटू नये मनून करतो भाऊ, खुशी कायची?” मी तिच्या सहीची जागा दाखवली. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण फी मी घेतली होती.

गोंड कुटुंबांना हा 1956 चा हिंदू वारसा कायदा लागूच नाही. तिथे रिवाज चालतो, आणि रिवाज काय हे बहुधा पुरुष सांगतात. छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात 17 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं की बाईला वाटा नाकारणारा रिवाज सिद्ध केला नाही तर वाटा द्यावा लागेल. भामरागडपर्यंत ही बातमी पोचायला वेळ लागेल. पोचली की मी आहेच.

आता कोळशाकडे येतो, कारण आपल्याला वाटत असेल की आपण बुलडोझरखाली गेलात की संपलात. राजुरा, बल्लारपूर, भद्रावती, घुग्घुस या बाजूला आपले कितीतरी भाऊबंद खुल्या खाणींत गेले. जमीन गेली, धुरा गेला, मोहाचं झाड गेलं. भांडणाला जागाच राहिली नाही, असं कोणालाही वाटेल. पण कोल इंडियाच्या धोरणात दोन एकराला एक नोकरी आहे. कोणाची जमीन कमी भरत असेल तर दोघातिघांनी तुकडे जोडून दोन एकर करायचे आणि एकाचं नाव द्यायचं. बापाची चार एकर असेल तर दोन नोकऱ्या, पोरं तीन, जावई एक. ज्या घराने पंचवीस वर्षं धाकट्याला तुकडा तोडून दिला नाही, त्या घरात एका आठवड्यात वाटणीपत्र होतं. नाव थोरल्याचं द्यायचं ठरतं. तो पगारातून आईला सांभाळेल, भावांना दरमहा अमुक देईल, असं स्टॅम्पपेपरवर मीच लिहून देतो, खाली पाच साक्षीदार. पहिला पगार सगळं घर पेढे वाटून साजरा करतं. मग थोरल्याचं लग्न होतं. सुनेने घरात कोणाला न विचारता फ्रिज घेतला की तो स्टॅम्पपेपर ट्रंकेतून बाहेर निघतो. करार शेतीचा होता तेव्हा निदान धान मोजता यायचं. भावाचं प्रेम महिन्याला किती, हे मोजायला निमताना मोजणीही नाही. खाण काही वर्षांनी बंद होते, थोरला निवृत्त होतो, दावा चालू राहतो. म्हणजे आपण जमिनीखाली शंभर फूट गेलात तरी भावाभावांच्या मध्येच आहात, ही माझी आपल्याबद्दलची सर्वांत मोठी आदराची गोष्ट.

वाघाबद्दल मी विनोद करणार नाही. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेला माणूस परत येत नाही, आणि सरकार त्याच्या वारसांना 25 लाख रुपये देतं. दहा लाख लगेच, बाकीची मुदतठेव. हिंदू वारसा कायद्यात बायको, मुलं आणि आई पहिल्या वर्गातले वारस. बाप दुसऱ्या वर्गातला. ज्या बापाने पोराला खांद्यावर घेऊन रोवणं केलं, त्याला मी एकदा हे समजावून सांगितलं. त्याने वाद घातला नाही. फक्त विचारलं, “दुसऱ्या वर्गाचे लोक कोठी बसतेत?”

तिथून पुढे जाऊ.

आपल्या निर्मूलनाची सर्वांत मोठी मोहीम 15 ऑगस्ट 2007 ला सुरू झाली. आर. आर. पाटील गृहमंत्री होते. महात्मा गांधींचं नाव दिलेली तंटामुक्त गाव मोहीम. गावात समिती, दिवाणी, महसुली, फौजदारी तंट्यांची वही, आणि गाव तंटामुक्त झालं की लोकसंख्येप्रमाणे बक्षीस. कल्पना चांगलीच होती, आणि बरेच तंटे खरंच मिटले. घरच्यांनी अडवलेल्या कितीतरी पोरापोरींची लग्नं आमच्या भागात या समित्यांनी लावून दिली आहेत. पण गावात एक माणूस भांडणं मिटवणारा म्हणून निवडायचा ठरला की त्यासाठी किमान दोन माणसं उभी राहतात. ऑगस्टातल्या ग्रामसभेत अध्यक्षपदावरून खुर्च्या फेकल्या गेल्याची बातमी दरवर्षी कुठून तरी येतेच. एका गावाला बक्षीस मिळालं आणि त्या पैशात शाळेचं कुंपण घालायचं की सभामंडप बांधायचा यावरून दोन तट पडले. दोन्ही तटांचे अर्ज मी लिहिले. दर सारखाच लावला.

राज्यांचंही असंच आहे म्हणा. जिवती तालुक्यातली 14 गावं महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही आपली म्हणतात. तिथल्या लोकांकडे दोन राशनकार्डं, दोन मतदार ओळखपत्रं. एवढ्या मोठ्या धुऱ्याचा अर्ज माझ्याकडे अजून आलेला नाही.

दिवाळी झाली की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव फिरू लागतात. झाडीपट्टीचं नाटक रात्री उशिरा उघडतं आणि पहाटेपर्यंत चालतं, आणि त्यात बहुधा आपणच असता: दोन भाऊ, एक वाटणी, एक रडणारी आई. शेवटच्या अंकात भाऊ गळ्यात पडतात आणि सगळा मंडप डोळे पुसतो. थोरला आणि धाकटा दोघेही दरवर्षी येतात, वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसतात, दोघेही रडतात. सकाळी दहाला तारीख असेल तर तसेच जागे एसटी पकडतात.

एका ठिकाणी मात्र आपण जाऊ नये अशी माझी विनंती आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा). 2009 साली सामूहिक वनहक्क मिळवणारं देशातलं हे पहिलं गाव, गावचे नेते देवाजी तोफा यांचं. तिथे ग्रामसभेत बहुमत चालत नाही. सगळे हो म्हणेपर्यंत बसतात, म्हणजे प्रत्येकाला विचारतात. 2013 मध्ये त्यांनी 1964 च्या ग्रामदान कायद्याखाली आपापल्या जमिनी ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. कसायची ज्याची त्याने, मालकी सगळ्यांची. धुरे तिथेही आहेत, पाणी अडवतात. अर्जनवीसाला तिथे काय काम, हे मी समजू शकलो नाही, म्हणून मी पुन्हा गेलो नाही.

सबब विनंती की, आपण असेच मध्ये राहावे. कळावे, लोभ असावा.

आपला आश्रित,
कडुनिंबाखालचा अर्जनवीस

ता. क. : हे पत्र लिहून ठेवलं आणि दोन दिवस पाऊस कोसळला. आपण दोन्हीकडून कोरलेले होताच, मध्यरात्री फुटलात. थोरल्याच्या बांधीतलं पाणी धाकट्याच्या बांधीत, तिथून रोवण्यासकट नाल्यात. असं ऐकतो की दोघे भाऊ अंधारात पावडे घेऊन आले, एकमेकांशी एक शब्द न बोलता पहाटेपर्यंत माती टाकत राहिले, आणि आपण पुन्हा उभे राहिलात, पूर्वीपेक्षा रुंद. मला खरंच काळजी वाटली. पण सकाळी साडेनऊला थोरला चिखलाच्या पायांनी माझ्यापुढे येऊन बसला. म्हणाला, “लिव भाऊ. रात्री त्यानं सात टोपले माती माह्या बांधीतून उचलली. मले इचारलं नाई.”