आधी सही करा, बिलाचं नंतर बघू

मोठ्या कंपन्यांना अलीकडे नीतिमत्तेचा उमाळा आला आहे. स्वतःच्या नव्हे, पुरवठादाराच्या.

भोसरीत नाहीतर सातपूरला दहा-पंधरा माणसांचा शेड चालवणाऱ्या कुणालाही विचारा. दोन सीएनसी, एक जुनं मिलिंग मशीन, भिंतीवर गणपती आणि टेबलावर बड्या गिऱ्हाइकाकडून आलेली ‘पुरवठादार आचारसंहिता’. सोबत पोर्टलवर भरायची प्रश्नावली. आपलं संचालक मंडळ हवामानबदलाचा आढावा कधी घेतं? (मंडळ म्हणजे मालक आणि हिशेब बघणारी त्याची बायको. आढावा रोज रात्री जेवताना होतो, पण वीजबिलाचा.) आपल्या पुरवठादारांच्या मानवी हक्कविषयक धोरणाची आपण पडताळणी करता का? त्याचा पुरवठादार म्हणजे पलीकडच्या गाळ्यातला प्लेटिंगवाला. मालक ‘होय’वर टिचक्या मारत सुटतो. ‘नाही’ म्हटलं की खुलाशाची चौकट उघडते आणि पाचच्या आत टेम्पो सुटायचा असतो.

मग ऑडिट. त्या दिवशी पोरांच्या डोळ्यांवर गॉगल, फर्स्ट एड बॉक्समध्ये नवी कोरी पट्टी. ऑडिटर फोटो काढतो, चहा घेतो, निघतो. अशा कागदी तपासणीची किंमत 2012 मध्ये कराचीत मोजली गेली. अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्टमध्ये ‘एसए 8000’ हे सामाजिक जबाबदारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं आणि 11 सप्टेंबरला त्याच कारखान्यात अडीचशेहून जास्त माणसं जळून, गुदमरून मेली. आग लावण्यात आली होती, असं पुढे कोर्टाने ठरवलं. पण बाहेर पडू न देणारे खिडक्यांचे गज काही त्या रात्री बसवले नव्हते.

आचारसंहितेत एक कलम हमखास असतं: कामगारांचं वेतन वेळेवर द्या. रास्त आहे. कायदाही सात तारखेच्या आत द्या म्हणतो. आता त्याच कंपनीची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, उलटून मागच्या अटी वाचा. पेमेंट 90 दिवस, कुठे 120. जूनमध्ये पोचलेल्या मालाचे पैसे ऑक्टोबरात. मधल्या महिन्यांचे पगार कशातून करायचे, एवढा एकच प्रश्न प्रश्नावलीत नाही. मालक ओव्हरड्राफ्ट ताणतो, नाहीतर घरातलं सोनं बँकेत ठेवतो आणि वेतनाच्या रकान्यात ‘होय’ करतो.

हे चालतं कसं? 2006 चा एमएसएमई कायदा सांगतो की सूक्ष्म आणि लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यायचे. चुकलात तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. करारात काहीही लिहून घेतलं तरी हे व्याज टळत नाही. माल पोचल्यावर 15 दिवसांत लेखी तक्रार केली नाही, तर तो स्वीकारला असंच धरायचं, हेही त्यात आहे. तरीसुद्धा स्टोअरमध्ये जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, होत नाही, कारण साहेब सुट्टीवर असतात. पुढे क्वालिटीवाल्यांची डेबिट नोट येते आणि वर्षाच्या शेवटी दर कमी करून द्या म्हणून पर्चेसचा प्रेमळ फोन येतो. आचारसंहिता पाठवणारं खातं वेगळ्या मजल्यावर बसतं. त्याला यातलं काही ठाऊक नसतं, असं आपण सभ्यपणे धरून चालू.

दाद मागायची सोय आहे. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे, सुविधा परिषद आहे, 90 दिवसांत निकालाची तरतूद आहे. तक्रार केली की थकीत रक्कम कधीतरी मिळते आणि पुढची ऑर्डर कधीच मिळत नाही. मोजके वीरच तिथे जातात, तेही बहुधा गिऱ्हाईक सुटल्यावर.

मग सरकारने प्राप्तिकरातून चिमटा काढला. कलम 43ब मध्ये (एच) हे पोटकलम आलं: मुदतीत पैसे दिले नाहीत, तर त्या वर्षी तो खर्च वजा मिळणार नाही. 2023-24 पासून हे लागू झालं आणि घाबरले कोण? पुरवठादारच. गिऱ्हाईक आपल्याला सोडून मोठ्यांकडून माल घेईल, या धास्तीने. हक्क मिळाला म्हणून ज्याला धडकी भरते, त्याला पोर्टलवर ‘भागीदार’ म्हणतात.

माझं म्हणणं इतकंच की आचारसंहितेतलं ‘वेळेवर द्या’ हे कलम ती पाठवणाऱ्याने आधी स्वतःवर लावावं. 45 दिवसांत बिल चुकतं केलं की त्या शेडमधल्या निम्म्या ‘होय’ला अर्थ येईल, गॉगलसुद्धा रोज घालायला मिळतील. बालमजुरी, सुरक्षा, सांडपाणी हे सगळं तपासायलाच हवं, त्यात वाद नाही. पण दर पिळून, पैसे अडकवून मग सुरक्षेचा फोटो मागणं ही जबाबदार खरेदी नव्हे, ती उधारी आहे.

आणि तुमच्याकडे एखाद्या बड्या कंपनीचे चार शेअर असतील, तर एक करा. सेबीने पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यातली झाडांची चित्रं ओलांडून पुढे जा. देणी चुकती करायला सरासरी किती दिवस लागतात, याचा आकडा तिथे द्यावा लागतो. तो वाचा आणि वार्षिक सभेत मोठ्याने विचारा.