श्रेयाची गाडी मात्र वेळेवर

वडसा म्हणजे झाडीपट्टी रंगभूमीची राजधानी. दिवाळी झाली की इथल्या मंडळ्या गावोगाव रात्र-रात्रभर नाटकं करतात. रंगमंचावर नायक खलनायकाला सडकून हाणतो, पण दोघांचं मानधन एकाच गल्ल्यातून निघतं. त्यामुळे राजकारण समजायला वडसेकराला वेगळ्या शिकवणीची गरज नाही.

वडसा-गडचिरोली रेल्वेचंच बघा. जेमतेम पन्नासेक किलोमीटरचा मार्ग, 2011-12 च्या रेल्वे अर्थसंकल्पातला. काँग्रेस म्हणते, मंजुरी आमची. भाजप म्हणते, निधी आमचा. दोघंही खोटं बोलत नाहीत, हीच तर पंचाईत! मंजुरीला धनी आहे, निधीला धनी आहे, उशीर तेवढा बेवारस. (जंगलखात्याच्या परवानगीची सबब असतेच म्हणा हाताशी.) 2014 आणि 2019 ला मतदारांनी लोकसभेत भाजप पाठवला, 2024 ला काँग्रेस. तिन्ही वेळा प्रचाराच्या गाड्या गडचिरोलीला वेळेवर पोचल्या, रेल्वेची नाही.

दोनच दुकानं असली की माल सुधारायची घाई कुणाला? शेजारच्या दुकानावर गिऱ्हाईक चिडेपर्यंत पाय पसरून बसायचं. चिडलेलं गिऱ्हाईक आलं की त्याला जनादेश म्हणायचं.

2014 च्या लोकसभेला ‘नोटा’चं बटण आलं, तेव्हा गडचिरोली-चिमूरमध्ये चोवीस हजारांवर लोकांनी तेच दाबलं. दोन्ही पक्षांना विचारून बघा, ती नाराजी समोरच्यावरचीच निघेल.