ओरिजिनल शॉकअप

गाडीचे मागचे शॉकअप गेलेत हे मालकाला सगळ्यात शेवटी कळतं, कारण मालक पुढे बसतो. आधी कळतं ते मागच्या सीटवरच्या माणसांना, आणि आमच्याकडे मागे आई बसते. अंबरनाथच्या फॉरेस्ट नाक्यापासून बदलापूरपर्यंत तिने एकही वाक्य सलग पूर्ण केलं नाही. मला वाटलं, वय झालं, दम लागत असेल. उतरल्यावर पदर सावरत म्हणाली, "अरे, तुझ्या गाडीत रामाचं नाव घ्यायची सोय नाही. 'रा' एका खड्ड्यात पडतो नि 'म' दुसऱ्या."

गाडी १९७३ सालची प्रीमियर प्रेसिडेंट. हे नाव सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग गाडीकडे संशयाने बघतात. "ही फियाट आहे ना?" आहे, फियाटच आहे. १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये हिला फियाट ११०० डिलाइट म्हणत. १९७२ च्या सुमारास तिची प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीवरून पद्मिनी. म्हणजे देशात आधी राण्या गेल्या आणि मग राष्ट्रपती आले. कुर्ल्यात मात्र आधी राष्ट्रपती झाले आणि मागून राणी आली. मधल्या दोन वर्षांतली माझी गाडी कुठल्याच नावाने ओळखली जात नाही. पेट्रोल पंपावरची पोरं तिला सरळ 'टॅक्सी' म्हणतात.

आमच्या मिस्त्रीने परीक्षा घेतली. ती फार सोपी असते. डिकीवर दोन्ही हातांनी जोर देऊन दाबायचं आणि सोडायचं. शॉकअप धड असेल तर गाडी वर येते, जरा खाली बसते आणि गप्प होते. मिस्त्रीने दाबून सोडली. मग खिशातून तंबाखू काढली, चुना घेतला, मळली, थापटली, ओठाखाली ठेवली, तरी डिकी आपली हो, हो करत मान हलवतेच आहे. "गेले," तो म्हणाला. खाली वाकून बघितलं तर दोन्ही नळकांडी तेलाने माखलेली आणि त्या तेलावर कल्याण-कर्जत रस्त्याची धूळ बसून चांगलं जाड लिंपण झालेलं.

आईला मी घरी समजावून सांगितलं, कारण तिचा समज होता की खड्डा शॉकअप झेलतो. बहुतेकांचा तोच असतो. खड्डा झेलतात ते पाटे. फियाटला मागे लोखंडी पट्ट्यांच्या कमानी असतात. गाडीचं वजन त्यांच्यावर. पण कमान एकदा दबली की ती नुसती सरळ होऊन थांबत नाही, खेळत बसते. तिला आवरायचं काम शॉकअपचं. आत तेल असतं, तेलात दट्ट्या असतो आणि दट्ट्याला बारीक भोकं. चकलीच्या सोऱ्यात पीठ जसं जोर लावल्याशिवाय खाली उतरत नाही, तसं ते तेल भोकांतून सहजी जात नाही, आणि त्या ओढाताणीत कमानीचा जोर मुरतो, त्याची उष्णता होते. म्हणून मिस्त्री लोक लांबचा फेरा मारून आल्यावर शॉकअपला हात लावून बघतात. कोमट लागला तर जिवंत. आमचे दोन्ही थंडगार होते. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पीठ संपलंय का भोकं मोठी झालीत?" हा प्रश्न मला मिस्त्रीनेही विचारला नव्हता. दोन्ही झालं होतं.

इथून खरी पंचाईत सुरू झाली. नवे घ्यायचे, पण कुठले?

जुन्या गाड्यांच्या नादाचे एक गृहस्थ दादरला राहतात. गाडी घेतल्यापासून ते माझे गुरू. म्हणजे मी त्यांना केलेलं नाही, ते आपणहून झाले. ते फोनवर म्हणाले, "ओरिजिनलच लावायचे. नाहीतर गाडी आणि डबा यांत फरक काय?" पुढे त्यांनी कायदा काढला. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने नियम केलाय: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली, फारसा फेरफार न केलेली दुचाकी-चारचाकी म्हणजे व्हिंटेज. तिला नंबर प्लेटवर 'व्हीए' अक्षरं मिळतात. नोंदणीला वीस हजार रुपये. आणि मग ती रोजच्या कामासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरती. मी हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, आपली गाडी दुरुस्तीशिवाय कधी बाहेर पडते? नियम पाळतोच आहोत आपण."

'ओरिजिनल' हा शब्द मला मात्र तेव्हापासून छळू लागला. ही गाडी मुळात तुरीनची. फियाटने ११०० ची ही पिढी १९५३ मध्ये काढली, पुढे तिची सुधारलेली आवृत्ती केली, त्या आवृत्तीची परवान्याने झालेली प्रत कुर्ल्याला निघाली, आणि तिला लागणारे शॉकअपसुद्धा बघता बघता इथेच बनू लागले. गॅब्रिएल इंडिया १९६१ मध्ये मुलुंडला सुरू झाली. आता दादरच्या गुरूंना हवा तो ओरिजिनल नेमका कुठल्या स्टेशनचा? तुरीनचा, कुर्ल्याचा की मुलुंडचा? मी विचारलं. ते म्हणाले, "तुला भावना कळत नाहीत."

भावना कळत होत्या, माल मिळत नव्हता. त्याचं कारण काळी-पिवळी. जोपर्यंत मुंबईत पद्मिनी टॅक्सी होत्या, तोपर्यंत हिचे सुटे भाग फुटपाथवर मिळत. टॅक्सीवाला भावना घेऊन येत नाही, त्याला दुपारपर्यंत गाडी रस्त्यावर हवी असते. त्याच्या घाईवर सगळा बाजार उभा होता. शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली, आणि टॅक्सीच्या वयाला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरात तीही उतरली. लोकांनी फोटो काढले, डोळे पुसले. माझ्यासारख्यांनी मात्र डोळे पुसण्याआधी चार बुश घेऊन ठेवायला हवे होते. आमच्या शेजारच्या डोंबिवलीजवळही प्रीमियरचा कारखाना होता; आज ते नाव निघतं ते प्रीमियर मैदानावर सभा असली की. तिथे शॉकअप मिळत नाहीत, आश्वासनं मिळतात.

शेवटी मिस्त्री म्हणाला, "साहेब, उल्हासनगर."

उल्हासनगरबद्दल चेष्टा करणं फार सोपं आहे. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद माझ्या लहानपणीच म्हातारा झाला होता. पण ज्या माणसांना फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीच्या बराकींत आणून सोडलं, त्यांनी हाताला लागेल त्यातून लागेल ते बनवायचं ठरवलं, यात मला तरी हसण्यासारखं काही दिसत नाही. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. पत्त्यात कॅम्प आणि बराक नंबर अजून आहेत. आणि एक सांगतो, मुंबईत ओरिजिनल म्हणून काय काय विकतात ते बघितल्यावर उल्हासनगरच्या दुकानदाराचा स्पष्टपणा मनाला गारवा देतो.

सतरा सेक्शनच्या पुढे एका गल्लीत दुकान. दरवाज्याएवढं रुंद, आत मात्र बोगदा. गल्ल्यावरच्या वयस्कर गृहस्थांनी जुना शॉकअप हातात घेतला, उलटा केला, एक थेंब तेल त्यांच्या वहीवर पडलं. ते शांतपणे म्हणाले, "साईं, ओरिजिनल चाहिए, या चलनेवाला?"

मला असा प्रश्न आयुष्यात कुणी इतक्या सरळ विचारला नव्हता. मी "दोन्ही" म्हणालो. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि पोराला माळ्यावर चढवलं.

माझ्यासोबत मिस्त्री होता आणि शेजारचे काका. अंबरनाथच्या मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीतून टर्नर म्हणून निवृत्त. ते घरून व्हर्नियर घेऊन आले होते. मखमली आतल्या बाजूची डबी, तिच्यात तेलाचा कपडा. पोरगा माळ्यावरून एकेक नळकांडं खाली देई आणि काका चष्मा कपाळावर ढकलून मोजत. मिटलेली लांबी, पूर्ण उघडलेली लांबी, डोळ्यातल्या बुशचा आतला व्यास. पहिला जोड दीड इंच लांब निघाला. दुकानदार म्हणाले, थोडा जास्त आहे, बसेल. काका म्हणाले, "बसेल, पण खड्ड्यात कमान दबायच्या आधी हाच तळाला टेकेल आणि मग सगळा दणका बॉडीला." दुसरा आखूड. तो लावला असता तर चाक खाली लोंबकळताना शॉकअपच त्याला धरून ठेवणार, आणि त्या ओढीने एक दिवस पकडच उपटून येणार. काका हे सगळं दुकानदाराला नाही, व्हर्नियरला सांगत होते. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. एक रिक्षावाला म्हणाला, "काका, शॉकअप घेताय का मुलगी बघताय?" काकांनी मान वर न करता सांगितलं, "मुलीला इतकं मोजत नाहीत."

तिसरा जोड गॅसचा. देखणा, पिवळाधमक. त्यात नायट्रोजन भरलेला असतो, म्हणून सलग आपटत राहिलं तरी तेलाला फेस येत नाही. फेस आला की शॉकअप पोकळ पडतो. आमच्या रस्त्याचा विचार केला तर हा मुद्दा बिनतोड होता, कारण इकडे 'सलग' म्हणण्यासारखी एकच गोष्ट आहे. पण तो हाताने दाबला की आपोआप उसळून वर येई. मिस्त्रीने नाक मुरडलं. "जुन्या पाट्यांवर हा लावला तर गाडीची मागची बाजू वर उचलली जाईल, आणि आजींना प्रत्येक खडा मोजता येईल." मलाही ते पटलं. घट्ट म्हणजे चांगला, हा मोठा गैरसमज आहे. फार घट्ट शॉकअपवर मोकळ्या गाडीचं मागचं चाक रस्त्याला धरून न राहता उड्या मारतं.

चौथा बसला. तेलाचा, काळा, कसलंही नाव नसलेला. लांबी, बुश, सगळं काकांच्या व्हर्नियरला मान्य. मी विचारलं, हा कुठल्या गाडीचा? दुकानदार म्हणाले, "गाडी का नाम मत पूछो. लंबाई पूछो." दोन घेतले, कारण एकाच बाजूचा बदलला तर गाडी लंगडते. बिल मागितलं तर त्यांनी वहीचं पान फाडलं. त्यावर आमच्याच जुन्या शॉकअपच्या तेलाचा डाग होता.

बसवताना मिस्त्रीने दोन गोष्टी मनापासून केल्या. आधी शॉकअप उभे धरून हाताने बरेचदा वर-खाली केले, कारण माळ्यावर वर्षानुवर्षं आडवे पडून आतल्या तेलात हवा शिरलेली असते. आणि खालचे नट शेवटचे आवळले ते जॅक काढून, गाडी चाकांवर उभी करून. लटकत्या चाकावर आवळले तर रबरी बुश पीळ खाऊन बसतो आणि लवकर फाटतो. मिस्त्रीच्या हाताखालचा पोरगा घाई करत होता, त्याच्या डोक्यात टपली बसली.

मग मिस्त्रीला हुक्की आली. त्याने आमच्या जुन्यातला एक शॉकअप पकडीत आवळला आणि हॅक्सॉने उभा कापला, मला आत काय असतं ते दाखवायला. नळीत नळी, मध्ये दट्ट्या, त्याच्या भोकांवरच्या पत्र्याच्या पातळ चकत्या, त्यातली एक तुटून तळाशी गेलेली. तेल काकवीसारखं नव्हतंच, काळं पाणी होतं. मी फोटो काढून दादरच्या गुरूंना पाठवला.

दुसऱ्या मिनिटाला फोन. "कापला? अरे, त्यावर कंपनीचा ठसा दिसतोय! तो गाडीबरोबर आलेला जोड होता! दुसरा कुठाय?" दुसरा भंगाराच्या ड्रममध्ये होता. ते संध्याकाळच्या बदलापूर लोकलला लोंबकळत आले, दुसरा शॉकअप उजेडात धरून पाहिला, ठशावरून अंगठा फिरवला आणि पैसे काढून दिले. आम्ही नव्या जोडीला दिले त्याहून जास्त. मी म्हटलं, हा चालत नाही. "चालवायचाय कुणाला?" म्हणाले, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून तो पोटाशी धरून गेले.

मिस्त्री हे सगळं हात पुसत बघत होता. गेली कित्येक वर्षं तो मला सांगत आलाय की पुढच्या शॉकअपना हात लावू नका, अजून मस्त आहेत. त्या रात्री साडेनऊला त्याचा फोन आला.

"साहेब, मी म्हटलं विचारावं... पुढचे पण काढून टाकू या का?"