एक बोट वर

तुमच्याही गल्लीत एक असेलच. दार अर्धं लोटलेलं, कानात ती पांढरी बोंडं, मांडीवर लॅपटॉप, आणि आपण उंबऱ्यात दिसलो की मान न वळवता उजव्या हाताचं एक बोट वर. म्हणजे कॉल चालू आहे, थांबा. किती थांबायचं ते बोट सांगत नाही. आमच्या मिरजगावात त्याचं नाव बोट्या पडलं ते त्यामुळंच. आईबापानं ठेवलेलं नाव आता आधार कार्डापुरतं उरलंय.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत हा हिंजवडीहून एक सॅक घेऊन आला. महिनाभरात जातो म्हणाला आणि साडेतीन वर्षं राहिला. रेंज माडीवर, म्हणून माडी त्याची. बापानं तिथली कांद्याची पोती खाली आणली, आणि ती तुडवत घरातले लोक साडेतीन वर्षं चालले.

अमेरिकेत सकाळ होते तेव्हा आमच्याकडं देवळात हरिपाठ चालू असतो. टाळ वाजायला लागले की माडीवरून इंग्रजीत माफी ऐकू यायची, ‘सॉरी, सम बॅकग्राउंड नॉइज.’ चाळीस वर्षं पंढरीची वारी केलेली माणसं ती! एका बुवांनी मला विचारलं, “आपल्याबद्दल काय म्हणतोय?” मी म्हणालो, “साहेबाला सांगतोय, भजन चालू आहे.” बुवा खूश झाले आणि दुसऱ्या दिवशीपासून माडीकडं तोंड करून बसू लागले.

बोट कुठंही वर व्हायचं. लग्नात अक्षता हातात घेऊन लोक उभे, भटजींनी मंगलाष्टकाला तोंड उघडलं आणि मांडवाच्या खांबाआडून बोट वर. भटजी थांबले. पोरं मैदानात क्रिकेट खेळत असली आणि हा फोनवर बोलत बांधावरून निघाला, की फलंदाज बिचारा बॅट टाकून निघून जायचा.

पण खरा कळस चुलत्याच्या दशक्रियेला झाला. पिंडाला कावळा शिवेना. प्रवचन संपलं, ऊन चढलं, “पोरींचं बघू, बांधाचं मिटवू” असं सगळं कबूल करून झालं, तरी कावळा बाभळीवरून हलेना. इतक्यात बोट्याचा फोन वाजला. बोट वर झालं, भावकी चिडीचूप झाली, आणि त्या शांततेत कावळा उतरला आणि शिवला. भावकीतल्या म्हाताऱ्यांचं तेव्हापासून ठाम मत आहे, की चुलत्याचा जीव अडकला होता तो पुतण्याला खरंच काही काम आहे का, एवढ्यावरच.

तसा संशय सगळ्या गावालाच होता. आमच्या कर्जत तालुक्यात काम म्हणजे अंगाला माती लागणारं, नाहीतर निदान सकाळी नगर-सोलापूर रोडवर एसटीची वाट बघायला लावणारं. खुर्चीवर बसून स्वतःशी इंग्रजी बोलणं याला आम्ही आजार म्हणतो. सोयरीक घेऊन पाहुणे यायचे. “मुलगा काय करतो?” “घरी असतो,” आई भाबडेपणानं सांगायची. पाहुणे चहा अर्धा ठेवून उठायचे. पगाराची स्लिप दाखवली तरी उपयोग नव्हता. एकाने तर स्पष्टच विचारलं, “एवढा पगार आहे, तर मग कंपनी आत का घेत नाही?”

पुढं बोट गावात पसरलं. सोसायटीचा वसुलीवाला दारात आला, की बोट्याचा बाप ओसरीवरूनच बोट वर करायचा. हातात मोबाइल नाही, कानात काही नाही, फक्त बोट. वसुलीवालाही सवयीनं मागं फिरायचा.

कंपन्यांचं बोलणं तरी काय धरून चालायचं! टीसीएसनं २०२० सालीच सांगून टाकलं होतं, की २०२५ पर्यंत पंचवीस टक्क्यांहून जास्त माणसं एका वेळी ऑफिसात लागणारच नाहीत. गावातल्या शिकलेल्या पोरांनी या भरवशावर बापांना माडीवर स्लॅब टाकायला लावला. त्याच टीसीएसनं ऑक्टोबर २०२३ पासून पाचही दिवस सगळ्यांना बोलावलं. बोट्याची कंपनी वेगळी, पण हाक तशीच आली. सॅक भरली, माडी रिकामी झाली, पोती वर गेली. दोनच महिन्यांत लग्न ठरलं. पोरगा तोच, लॅपटॉप तोच, पगार तोच. फक्त आता तो हिंजवडीच्या चौकात गाडीत अडकलेला असतो, म्हणजे नक्कीच नोकरीला आहे.

आता कबूल करायला जड जातं, पण गाव त्याच्यावाचून अडलं. किसान सन्मानची ई-केवायसी, पीकविमा, शाळेच्या पोरांचे दाखले, हे सगळं त्या माडीवर बोट खाली होईस्तोवर थांबून फुकट व्हायचं. त्याची किंमत सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहिल्यावर कळली. मग जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, महिना दीड हजार रुपये, आणि गल्लीतल्या सगळ्या काकूंनी एकाच आठवड्यात हिंजवडीला फोन लावले. म्हणे काचेच्या खोलीत मीटिंग चालली होती, मोठा साहेब बोलत होता, आणि यानं साहेबाला बोट दाखवलं. “काकू, मोबाइलवर सहा आकडे आलेत बघा, ते सांगा.” आधी हिंजवडीचं काम मिरजगावातून व्हायचं, आता मिरजगावचं हिंजवडीतून होतं. साहेबाला हे कुणी सांगू नये.

एकच काम तिकडून होत नाही. ई-पीक पाहणी. २०२१ साली ते ॲप आलं, तेव्हा हाच भर उन्हात पायजमा खोचून गावभराच्या वावरांत हिंडला होता, कारण त्या ॲपला घर चालत नाही, पिकातच उभं राहावं लागतं. आता बाप एकटाच जातो. यंदा मालदांडी छातीएवढी आली, बापानं रानात उभं राहून पोराला फोन लावला, पोरानं एकेक पायरी सांगितली, बटण दाबलं, फोटो चढला. नंतर उघडून बघितलं तर ज्वारीच्या जागी बापाचा अंगठा.

“त्यात काय चुकलं?” बाप म्हणतो. “आजवर सरकारनं माझा अंगठाच मागितला.”