फेरातल्या माई

उज्जैनच्या मराठी घरांत भोंडला असला की पाटावर हत्ती नंतर उमटतो, आधी माई हजर होतात. ‘हत्ती काढतेयस की म्हैस? सोंड दे तिला!’ पहिला आशीर्वाद हा.

माईंचं घराणं राणोजी शिंद्यांच्या फौजेबरोबर माळव्यात आलं, असं त्या सांगतात. गाणीही त्याच घोड्यावरून आली असावीत. पुण्याच्या भाचेसुनेनं एखादं कडवं वेगळं म्हटलं की निकाल ठरलेला : ‘तुमच्याकडे विसरले असतील. आमच्याकडे जसंच्या तसं आहे.’ आणि लगेच, ‘चला, हाथ पकडो सब! गोला बडा करो!’

फेरात शेजारच्या माळवी पोरीही असतात. पितृपक्षभर भिंतीवर शेणाची संजा मांडून गाणाऱ्या. सर्वपित्रीला तिला निरोप दिला तरी गाणी ओठांवरून उतरलेली नसतात. मध्येच कुणीतरी संजाची ओळ घुसडते. माई डोळे वटारतात आणि पाय मात्र त्याच ठेक्यावर टाकतात. घाई असतेच. हरसिद्धीच्या दीपमाळा पेटल्या की निम्मा फेर तिकडे पळणार, उरलेला गरब्याला.

खरी गंमत सासुरवाशिणीच्या गाण्यांची. ऐन तारुण्यात माई ती थेट सासूकडे बघत म्हणायच्या, असं जुन्या बायका सांगतात. आता समोर त्यांची सून असते. सासूच्या दुष्टपणाचं कडवं आलं, सुनेनं आवाज चढवला, की माई हात वर करतात : ‘हे आपल्याकडे नाही म्हणत.’ दर वर्षी परंपरेतून असं एखादं कडवं गळतं.

सून बोलत नाही. तिचं राज्य खिरापतीत. पहिल्या दिवशी एक, दुसऱ्या दिवशी दोन, असे पदार्थ वाढत जातात, आणि ते ओळखायचे पोरींनी. पण माईंचं नाक आधी धावतं.

‘भुट्ट्याचा कीस!’

‘अंहं,’ सून डबा मांडीशी घट्ट धरून.

‘साबुदाण्याची खिचडी? पोहे? बरं, गोड की तिखट तेवढं सांग. मावाबाटी? खोबऱ्याच्या वड्या? अगं, सांग ना!’

पोरी हसून लोळायला आल्यावर झाकण निघतं. आत कीस. वर लिंबू, कोथिंबीर, खोबरं.

‘मी पहिल्यांदा हेच म्हटलं होतं!’

‘हो माई,’ सून द्रोण भरत म्हणते, ‘पण पहिल्या झटक्यात आपल्याकडे नाही ओळखत.’