पडद्यामागचा किस्सा

पडद्यामागचा किस्सा हा बहुकलाकार विनोदी चित्रपटाचा मुख्य भाग असून चित्रपट ही त्याची पुरवणी होय. किश्शाचे तीन प्रकार आहेत. पहिला कौटुंबिक: सेटवर सगळे एका घरासारखे राहिले, डबे वाटून खाल्ले आणि मानधनावरून कोणीच बोलले नाही. दुसरा हास्यजन्य: कलाकारांना हसू आवरेना, म्हणून रिटेकवर रिटेक झाले. रिळांचा खर्च निर्मात्याने सोसला असल्याने तो या किश्शाला हसत नाही.

तिसरा आणि सर्वश्रेष्ठ प्रकार उत्स्फूर्ततेचा. यात गाजलेला प्रत्येक विनोद कॅमेरा सुरू असताना कलाकाराला आपोआप सुचलेला असतो. न गाजलेले विनोद मात्र लेखकाचे असतात.

सचिन पिळगावकर दिग्दर्शित ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा या अभ्यासाचा आदर्श नमुना. त्यातली भाड्याच्या खोलीसाठी दोघा मित्रांनी बायका होण्याची कल्पना हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’मध्ये १९६६ सालीच आली होती. यावरून उत्स्फूर्तता २२ वर्षे आधीही सुचू शकते, हे सिद्ध होते.

किस्सा दर वर्धापनदिनी वाढतो. प्रत्यक्ष हजर असलेल्यांची संख्याही वाढते. या गतीने लवकरच चित्रीकरण पाहिलेले लोक चित्रपट पाहिलेल्यांपेक्षा अधिक होतील.

‘बनवाबनवी’च्या श्रेयनामावलीत वसंत सबनीस यांचे नाव लेखक म्हणून आढळते. ते तिथे कसे आले, याचा किस्सा अद्याप उपलब्ध नाही.