पाहुण्यांचं पाणी

बोत्स्वानातलं सेंट्रल कलहारी अभयारण्य १९६१ साली राखीव झालं, ते वन्यप्राण्यांसाठी आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या सान लोकांसाठीही. पुढे सरकारला साक्षात्कार झाला की माणसांचा प्राण्यांना त्रास होतो. २००२ साली सान लोकांना बाहेर काढलं, त्यांची कूपनलिकाही बंद केली. पर्यटकांचा मात्र त्रास होत नसावा. त्यांच्यासाठी आत लॉज निघालं, पोहण्याच्या तलावासकट! २००६ साली कोर्टाने हुसकावणी बेकायदा ठरवली. पण स्वखर्चाने पाणी काढायचा हक्क मिळायला २०११ उजाडलं. आता पाहुण्यांना 'स्थानिक संस्कृती' म्हणून सान वाटाड्यासोबत फेरफटका मिळतो. वाळवंटात पाण्यावाचून कसं जगावं, हे तो फार छान समजावून सांगतो म्हणे.